ज्ञानकोशलेखकाचा विनोदी आत्मपरिचय

ज्ञानकोशलेखकाचा विनोदी आत्मपरिचय हा महाजालावरील मुक्त ज्ञानकोशांच्या सदस्य पानांवर आढळणारा एक लघु लेखनप्रकार आहे. कोशात विनामूल्य लेखन करणारा सदस्य त्यात स्वतःची विद्वत्ता, ठाम मते आणि कोशावरील उपकार यांचे हेतुतः फुगवून वर्णन करतो व त्या अतिशयोक्तीतूनच स्वतःची थट्टा साधतो. वरवर पाहता ही करमणूक असली, तरी तिच्या मुळाशी ज्ञानकोशरचनेतील एक गंभीर प्रश्न आहे: एखादे विधान खरे मानायचे ते सांगणाऱ्याच्या अधिकारावरून की त्याने दाखवलेल्या पुराव्यावरून? लिखित साधने विरळ आणि जाणती माणसे पुष्कळ, अशी स्थिती असलेल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांसारख्या प्रदेशात हा प्रश्न अधिक तीव्रतेने जाणवतो.

व्याख्या व व्याप्ती

आत्मचरित्र, आत्मपरिचय आणि विनोदी आत्मपरिचय हे तीन भिन्न प्रकार आहेत. आत्मचरित्रात आयुष्याचा वृत्तांत असतो. आत्मपरिचयात जन्म, शिक्षण, व्यवसाय, प्रकाशित ग्रंथ, पुरस्कार अशी माहिती ठरावीक क्रमाने येते. विनोदी आत्मपरिचय हाच क्रम आणि हीच भाषा उसनी घेतो, परंतु त्यात क्षुल्लक गोष्टींना मोठेपण व मोठ्या गोष्टींना क्षुल्लकपण देतो.

या प्रकारातील ‘मी’ दोन गुणांनी ओळखला जातो. पहिला स्वमताग्रह, म्हणजे प्रत्येक विषयावर मत असणे व ते सोडण्याची तयारी नसणे. दुसरा स्वमहत्त्व, म्हणजे ते मत आपले आहे म्हणूनच योग्य आहे असे वाटणे. व्यवहारात हे दोन्ही एकच समजले जातात, परंतु त्यांत फरक आहे. स्वमताग्रही माणसाशी वाद करता येतो, कारण त्याच्याजवळ निदान मत असते. स्वमहत्त्ववाद्याशी वाद करता येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने वादाचा विषय तो स्वतः असतो. यशस्वी विनोदी आत्मपरिचय दुसऱ्या गुणाची खिल्ली उडवतो आणि पहिल्याला सांभाळून घेतो.

पूर्वपीठिका

विद्वत्तेचा अभिमान आणि माहितीचे प्रामाणिक संकलन यांतील ताण मराठीला नवा नाही. मराठीतील आद्य गद्यचरित्र मानल्या जाणाऱ्या ‘लीळाचरित्रा’चे कर्ते म्हाइंभट हे तेराव्या शतकातील मोठे पंडित होते. त्यांना आपल्या पांडित्याचा गर्व होता आणि चक्रधरस्वामींच्या भेटीत तो गळून पडला, अशी कथा महानुभाव परंपरेत सांगितली जाते. पुढे याच म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या व नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. एकाच प्रसंगाविषयी दोघांचे सांगणे निराळे असेल, तर ती भिन्नताही नोंदवली गेली. स्वतःचे पांडित्य बाजूला ठेवून साक्षीदारांना बोलू देण्याची ही पद्धत आजच्या कोशलेखनाच्या नियमांच्या फार जवळची आहे.

युरोपातील कोशकारांनाही हा प्रश्न भेडसावला. फ्रान्समध्ये १७५१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘आंसिक्लोपेदी’चा संपादक देनी दिदरो याने ‘ज्ञानकोश’ या विषयावरील नोंद स्वतःच लिहिली व तीत आपल्या कामाचे प्रयोजन सांगितले. इंग्लंडमध्ये सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या शब्दकोशात ‘कोशकार’ या शब्दाची व्याख्या करताना स्वतःच्याच व्यवसायाची टर उडवली. कोशाच्या कोरड्या चौकटीत शिरलेल्या विनोदी आत्मपरिचयाचे हे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. मात्र ते एका नोंदीपुरते राहिले.

मराठीत ज्ञानकोशकार म्हणजे श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७), हे समीकरण रूढ आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून परतलेल्या केतकरांनी कंपनी स्थापन करून, भागभांडवल व वर्गणीदार मिळवून ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड सिद्धीस नेले. त्यांतील आरंभीचे पाच प्रस्तावनाखंड वर्णानुक्रमी नसून विषयवार आहेत व त्यांवर केतकरांच्या समाजशास्त्रीय मतांचा ठसा स्पष्ट आहे. काम पुरे होत आल्यावर त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ हा ग्रंथ लिहिला व त्यात ज्ञानकोश मंडळाचा इतिहास सांगितला. केतकर मतांचे पक्के होते, परंतु आपल्या मतांवर ते सही करीत. त्यामुळे मत कोणाचे आहे याविषयी वाचकाची फसगत होत नसे. १९३१ मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. नांदेड व लातूर ही त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती.

‘भारतीय संस्कृतिकोशा’चे संपादक महादेवशास्त्री जोशी यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘आत्मपुराण’ असे नाव दिले. ‘पुराण’ हा शब्द मराठीत पवित्र ग्रंथासाठी जितका वापरला जातो, तितकाच लांबलेल्या, कंटाळवाण्या कथनासाठीही वापरला जातो. त्यामुळे या नावात कोशकाराचे मिश्कील हसू ऐकू येते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सुरू झालेल्या ‘मराठी विश्वकोशा’त (पहिला खंड १९७६) नोंदीच्या अखेरीस लेखकाचे नाव दिले जाते. लेखकाची ओळख तेवढीच. बाकी मजकूर कोणा व्यक्तीच्या आवाजात नसतो.

सदस्य पानाची रचना

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा आहे. या कोशात लेखाखाली लेखकाचे नाव नसते, कारण एकाच लेखावर अनेक हात फिरलेले असतात. केलेला प्रत्येक बदल मात्र ‘इतिहास’ या कळीखाली तारीख, वेळ व सदस्यनावासह नोंदला जातो.

नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाच्या नावे ‘सदस्य’ आणि ‘सदस्य चर्चा’ अशी दोन पाने असतात. पहिल्यावर सदस्य स्वतःविषयी लिहितो, दुसऱ्यावर इतर जण त्याला निरोप देतात. सर्वांनी मिळून चर्चा करण्याच्या जागेला मराठी विकिपीडियावर ‘चावडी’ आणि सरावासाठीच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात. गावगाड्यातील व जुन्या शाळेतील हे दोन शब्द नवख्या लेखकाला तत्काळ आपलेसे वाटतात. चावडीवर आवाज चढणे आणि धूळपाटीवर लिहिलेले पुसले जाणे, या दोन्ही गोष्टी त्याला ठाऊक असतात.

सदस्य पानावर कोणत्या भाषा किती येतात, कोणत्या विषयांत रस आहे, कोणत्या लेखांत योगदान दिले, यांची माहिती द्यावी अशी अपेक्षा असते. पान म्हणजे जाहिरातीचा फलक, राजकीय प्रचाराची भिंत किंवा प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र नव्हे. विनोदाला मात्र मोकळीक असते. इंग्रजी विकिपीडियावर सदस्यांनी स्वतःला गमतीदार जातींत वाटून घेतले आहे. कोपऱ्यात बसून शुद्धलेखन व दुवे दुरुस्त करणारा तो ‘विकिनोम’, म्हणजे परीकथेतील बुटका. एका दमात प्रचंड बदल करणारा तो ‘विकिड्रॅगन’. स्वतःच्या संपादनांची संख्या मोजत बसण्याच्या सवयीलाही तेथे रोगाचे नाव मिळाले आहे.

सदस्य पानाचे एक वैशिष्ट्य छापील परिचयात नसते. आत्मपरिचयाच्या शेजारीच ‘योगदान’ हा दुवा असतो. सदस्याने स्वतःविषयी काहीही लिहिले, तरी त्याने प्रत्यक्षात काय केले हे एका टिचकीत दिसते. बढाई आणि तिचा पडताळा इतके शेजारी नांदत असल्यामुळे गंभीरपणे मारलेली बढाई येथे फार काळ टिकत नाही. ती विनोदाच्या रूपातच सुरक्षित राहते.

भाषा व तंत्र

मराठी विनोदी आत्मपरिचयाची भाषा प्रामुख्याने तीन ठिकाणांहून येते. पहिले ठिकाण म्हणजे सभासमारंभातील ‘पाहुण्यांचा परिचय’. सूत्रसंचालक तो भारावलेल्या स्वरात वाचून दाखवतो आणि तो बहुधा पाहुण्यांनीच लिहून दिलेला असतो, हे सभागृहातील सर्वांना माहीत असते. दुसरे ठिकाण सेवानिवृत्तीचे मानपत्र व गौरव अंक. तेथे प्रत्येक शिक्षक विद्यार्थिप्रिय आणि प्रत्येक लिपिक कर्तव्यदक्ष असतो. तिसरे ठिकाण चौकातील वाढदिवसाचे फलक. या तिन्ही ठिकाणची विशेषणे अर्थ गमावून बसली आहेत. म्हणून ती जराशी सरकवली की हसू येते.

विवेचनासाठी रचलेला एक काल्पनिक नमुना पुढे दिला आहे:

> ‘प्रस्तुत सदस्यांचा जन्म नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या सीमेवर, श्रेय दोघांनाही घेता यावे अशा बेताने झाला. त्यांनी ३२ वर्षे अध्यापन केले. ज्या विद्यार्थ्यांनी त्यांचे ऐकले ते मोठ्या पदांवर पोहोचले. ज्यांनी ऐकले नाही तेही पोहोचले, परंतु तो निव्वळ योगायोग समजावा. व्याकरण, इतिहास, संधिवात आणि तुरीचा भाव या विषयांत सदस्यांना अधिकार आहे. क्रिकेटविषयी अधिकार नाही, केवळ मते आहेत, आणि ती अधिकाराहून ठाम आहेत.
>
> सदस्यांनी आजवर ४,००० संपादने केली असून त्यांपैकी ३,९०० ‘आणी’चे ‘आणि’ करण्यात खर्ची पडली. उरलेली १०० इतरांनी उलटवली. सदस्य वादापासून कटाक्षाने दूर राहतात. दूर राहण्यासाठी त्यांना रोज रात्री अकरापर्यंत चर्चापानावर बसावे लागते. आपला अहंकार पूर्णपणे गेला आहे, असे ते अभिमानाने सांगतात.
>
> सदस्यांचे म्हणणे घरी सर्वजण लक्षपूर्वक ऐकतात [संदर्भ हवा]. त्यांच्या कार्याची जगाने अद्याप दखल घेतलेली नाही. ही जगाची उणीव असून लवकरच दुरुस्त करण्यात येईल. कोणास मतभेद असल्यास त्यांनी निःसंकोच कळवावे व येताना पुरावा आणावा. चहा मिळेल.’

या नमुन्यात चार तंत्रे दिसतात. एक, स्वतःविषयी आदरार्थी तृतीयपुरुषी बहुवचन वापरणे. मराठीत ‘ते आले’ हा आदर आहे, परंतु तो स्वतःला देताच विडंबन होते. दोन, वाक्याच्या पूर्वार्धात चढलेला दावा उत्तरार्धात खाली आणणे. तीन, ‘संदर्भ हवा’ या कोशीय खुणेचा घरगुती गोष्टींसाठी वापर. पुराव्याची मागणी जगाकडे करणाऱ्याने ती स्वतःच्या घरालाही लावून पाहिली, की त्याचा ताठा आपोआप उतरतो. चार, शेवटी एखादे साधे, खरे वाक्य. चहाचे निमंत्रण हे येथे विनोद नाही. मतभेद असणाऱ्यालाही दार उघडे आहे, असा त्याचा अर्थ आहे.

हा प्रकार फसतो तो थट्टेचे टोक दुसऱ्याकडे वळले की. इतर सदस्यांचे अज्ञान, नव्या पिढीची भाषा किंवा विशिष्ट गावच्या लोकांचा स्वभाव यांवर कोट्या सुरू झाल्या, तर आत्मपरिचय उरत नाही. स्वतःला उंच ठेवून केलेला तो उपहास होतो.

नांदेड व लातूर परिसरातील संदर्भ

स्थानिक अभिमान आणि कोशीय तटस्थता यांतील अंतर स्थलनामांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. नांदेडच्या नावाची उत्पत्ती महादेवाच्या नंदीने गोदावरीच्या तटावर तप केले या आख्यायिकेशी जोडली जाते. नंद राजांशी संबंध जोडणारेही मत आहे. दुसरीकडे, वाशीम येथे सापडलेल्या वाकाटक ताम्रपटात ‘नंदिकड’ हे प्रदेशनाम येते व अभ्यासक ते नांदेडशी जुळवतात. लातूरच्या बाबतीत राष्ट्रकूट राजांच्या लेखांतील ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ हे बिरुद पुढे केले जाते. त्यातील लत्तलूर म्हणजे आजचे लातूर, असे सामान्यतः मानले जाते. ‘रत्नापूर’ हे पौराणिक नावही गावात प्रचलित आहे.

अभिमानी लेखक यांपैकी एक मत निवडतो व ‘हे निर्विवाद आहे’ असे लिहून मोकळा होतो. ज्ञानकोश त्याच्याकडून वेगळी अपेक्षा करतो. आख्यायिका आख्यायिका म्हणून, लेखातील उल्लेख लेखातील उल्लेख म्हणून आणि अभ्यासकांचे अनुमान अनुमान म्हणून, अशा निरनिराळ्या पायऱ्यांवर त्याने ही माहिती ठेवावी. अशाने गावाचे मोठेपण कमी होत नाही. उलट नंदीची कथाही टिकते आणि ताम्रपटही टिकतो.

मतांचा आग्रह आणि स्वतःचे महत्त्व यांतील फरक या परिसरातील दोन विद्वानांच्या लेखनातून समजून घेता येतो. नरहर कुरुंदकर (१५ जुलै १९३२ – १० फेब्रुवारी १९८२) हे नांदेडच्या वैचारिक जीवनातील अग्रगण्य नाव. शालेय शिक्षक म्हणून आरंभ करून ते पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. साहित्य, इतिहास, राजकारण, धर्म, नाट्यशास्त्र, संगीत अशा अनेक विषयांवर त्यांनी परखड मते मांडली. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीस जोडलेली त्यांची पत्ररूप प्रस्तावना प्रसिद्ध आहे. तीत कादंबरीच्या कौतुकाहून शिवचरित्राच्या साधनांची व प्रश्नांची चर्चा अधिक आहे. कुरुंदकरांचे मत मान्य नसलेल्या वाचकालाही त्यांच्या युक्तिवादाची पायरी न् पायरी दिसते आणि ज्या पायरीवर मतभेद आहे तेथे थांबता येते. अशा लेखनात आग्रह असतो, पण तो लेखकाच्या प्रतिष्ठेवर उभा नसतो.

दुसरे नाव सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) यांचे. त्यांचा जन्म आजच्या लातूर जिल्ह्यातील निलंगा येथला. प्रशासक, इतिहाससंशोधक व बहुभाषाविद असलेल्या पगडींनी महाराष्ट्राच्या गॅझेटियरच्या संपादनाचे काम केले. गॅझेटियर हा ज्ञानकोशाचाच सख्खा भाऊ आहे. त्यात नद्या, पिके, बाजार, लोकसंख्या, इतिहास सारे असते आणि लिहिणारा कोठेही डोकावत नाही. स्वतःविषयी जे सांगायचे ते पगडींनी ‘जीवनसेतू’ या आत्मचरित्रात सांगितले. ‘मी’साठी एक ग्रंथ आणि माहितीसाठी दुसरा, ही विभागणी सदस्य पान व लेख यांच्या विभागणीसारखीच आहे.

अनुभवजन्य ज्ञानाचा प्रश्न

विनोदी आत्मपरिचयातील अहंकाराकडे केवळ दोष म्हणून पाहणे अपुरे ठरते. त्यामागे पुष्कळदा एक खरी तक्रार असते. गावात आयुष्य घालवलेला, बारवेचा प्रत्येक दगड ओळखणारा शिक्षक गावाविषयी दोन परिच्छेद लिहितो आणि त्यावर ‘संदर्भ हवा’ अशी खूण लागते. ‘मीच संदर्भ आहे’ हे त्याचे उत्तर हास्यास्पद वाटते, पण ते पूर्णपणे खोटे नसते. ती माहिती अन्यत्र कोठेही लिहिलेली नसते.

मराठवाड्यात ही स्थिती निर्माण होण्यास ऐतिहासिक कारणे आहेत. हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील होईपर्यंत मराठी शिक्षण, मुद्रण व वृत्तपत्रे यांना पुणे-मुंबईसारखा वाव मिळाला नाही. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले आणि लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. साहजिकच या भागाच्या अनेक गोष्टी छापील पानांपेक्षा माणसांच्या स्मरणात अधिक आहेत. मुक्तिसंग्रामातील सीमेवरचे कॅम्प, उमरीच्या बँकेवरील हल्ला अशा मोठ्या घटना ग्रंथांत आल्या. परंतु त्या काळात कोणत्या गढीत कोण लपले, निरोप कोणी पोहोचवले, भाकऱ्या कोणी बांधून दिल्या, याची माहिती बहुतांशी घराघरांतच राहिली.

किल्लारीचे उदाहरण याहून बोलके आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील अनेक गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर अनेक गावे नव्या जागी वसवण्यात आली. मृतांची संख्या, भूकंपाची तीव्रता, पुनर्वसनाचा खर्च हे अहवालांत आहे. जुन्या गावात वेस कोठे होती, कोणत्या आळीला काय म्हणत, माळवदाच्या घरांची रांग कशी होती, हे ज्यांना सांगता येते ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांच्या पश्चात ही माहिती कोणत्याही नियमाने परत मिळणार नाही.

अशा वेळी ज्ञानकोशाने नियम शिथिल करावा का, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे प्रचलित उत्तर नकारार्थी आहे आणि त्याला सबळ कारण आहे. ‘मी पाहिले आहे’ हे जाणत्या शिक्षकाचे वाक्य आणि तेच वाक्य लिहिणाऱ्या थापाड्याचे वाक्य, ही दोन्ही पडद्यावर अगदी सारखी दिसतात. विकिपीडियावर ‘एसजे’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका वजनदार सदस्याने आपण धर्मशास्त्राचे विद्यापीठीय प्राध्यापक असल्याचे सदस्य पानावर सांगितले होते. ‘द न्यूयॉर्कर’ या नियतकालिकाच्या २००६ मधील लेखातही तशीच माहिती आली. २००७ च्या आरंभी तो प्रत्यक्षात २४ वर्षांचा तरुण असून प्राध्यापक नसल्याचे उघड झाले व त्याला पदे सोडावी लागली. चर्चांमध्ये त्याने त्या कल्पित पदाचा दाखला देऊन आपले म्हणणे रेटले होते, हा आक्षेप विशेष गंभीर ठरला. त्याचा आत्मपरिचय विनोदी नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. फुगवलेली ओळख हसण्यासाठी असते तोवर निरुपद्रवी असते. तिचा पुरावा म्हणून वापर सुरू झाला, की ती फसवणूक होते.

म्हणून मार्ग नियम मोडण्याचा नसून ज्ञान लिखित रूपात आणण्याचा आहे. गावाच्या जत्रेची किंवा शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, स्थानिक दैनिकातील लेख, महाविद्यालयाचा वार्षिक अंक, विद्यापीठातील प्रबंध, वृद्धांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींवर आधारित पुस्तिका यांपैकी जे शक्य असेल ते प्रथम सिद्ध करावे. अशा प्रकाशनांची विश्वसनीयता सारखी नसते. संपादन व तपासणी झालेल्या प्रकाशनाला अधिक वजन मिळते. परंतु सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि तारीख नोंदवलेली एखादी साधी पुस्तिकादेखील पुढील अभ्यासकाला आधार देते. म्हाइंभटांनी आठवणी सांगणाऱ्यांना ज्ञानाचे साधन मानले व त्यांचे सांगणे लिहून काढले. तो मार्ग आजही खुला आहे.

नवलेखकांसाठी संकेत

शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी कोशलेखन सुरू करतात तेव्हा सदस्य पान हा त्यांचा पहिला मजकूर असतो. तो लिहिताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात, असे अनुभवी सदस्य सुचवतात.

* घरचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, जन्मतारीख, शाळेचे नाव ही माहिती देऊ नये. विनोद करण्यासाठी तिची गरज नसते.
* नसलेली पदवी किंवा पद गमतीनेही खरे वाटेल अशा रीतीने लिहू नये. अतिशयोक्ती इतकी उघड असावी, की कोणीही फसणार नाही.
* पदवी खरी असली, तरी वादात तिचा दाखला देण्याऐवजी ग्रंथाचा दाखला द्यावा. जाणकाराला ग्रंथ लवकर सापडतो, हाच त्याच्या पदवीचा खरा उपयोग आहे.
* ज्या विषयावर आपले मत फार तीव्र आहे, त्या विषयावरील लेखात विरुद्ध बाजूचा उत्तम युक्तिवाद आधी लिहून पाहावा.
* लेख कोणाच्या मालकीचा नसतो. आपण लिहिलेले वाक्य दुसऱ्याने सुधारले, तर प्रथम सुधारणा वाचावी आणि मग रागवावे. पुष्कळदा दुसऱ्या कृतीची आवश्यकता उरत नाही.

महत्त्व

विनोदी आत्मपरिचयाला साहित्यप्रकार म्हणून स्वतंत्र प्रतिष्ठा नाही आणि ती मिळावी अशी त्याची अपेक्षाही नसते. त्याचे कार्य मर्यादित, परंतु उपयुक्त आहे. मानधन न घेता, नाव न लावता वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या माणसाला कोठेतरी ‘मी’ म्हणण्याची जागा हवी असते. ती जागा सदस्य पानावर मिळाली, तर लेखात ‘मी’ येण्याचे प्रयोजन उरत नाही. तेथे हसून झालेला अहंकार नांदेडच्या ताम्रपटातील नावाविषयी किंवा किल्लारीच्या जुन्या वेशीविषयी लिहिताना आड येत नाही. वाचकाला सदस्य पान पाहण्याची गरजही पडत नाही. त्याला माहिती मिळते आणि ती कोठून आली हे कळते. कोशलेखकाचा खरा परिचय तोच असतो.

हे सुद्धा पहा

* महाराष्ट्रीय ज्ञानकोश
* मराठी विश्वकोश
* लीळाचरित्र
* नरहर कुरुंदकर
* सेतुमाधवराव पगडी